नऊ विमानांच्या खाली

लग्न होऊन मी डिचोलीहून पेडण्याला आले आणि थोड्याच दिवसांत ह्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या हवाई दलाच्या तळावर राहायला गेले. हे आकाशात कसरती करणाऱ्या पथकात होते. उडणारे नव्हेत, खालचे. विमान तयार ठेवायचं, पायलट शिडी चढून बसला की त्याचे पट्टे आवळायचे, शिडी काढायची, सलाम ठोकून बाजूला व्हायचं. सुरुवातीला चारच विमानं होती, मग सहा झाली, मग नऊ, ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ह्यांच्याकडून ऐकावं लागायचं. सराव चालू असला की मी गच्चीवर कपडे वाळत घालताना थांबायची. नऊ विमानं पंखाला पंख लावून उलटी होत, आणि मला उगाच वाटायचं, त्यातलं एक आमचं आहे.

मुलगी रांगायला लागली त्या वर्षी सरावात दोन विमानं एकमेकांना घासली. एक कसंबसं उतरलं. दुसरं तळापलीकडच्या तुरीच्या शेतात पडलं. त्यातल्या पायलटचे पट्टे त्या सकाळी ह्यांनीच आवळले होते.

चौकशी झाली. विमानात दोष नव्हता, खालच्या माणसांची काही चूक नव्हती, असं निघालं. ते ऐकून ह्यांना हलकं वाटेल अशी माझी समजूत. हे म्हणाले, "पट्टो घट्ट झालो म्हणून तो हसलो गो. श्वास तरी घेवक दी, म्हणालो तो."

मी त्या पायलटच्या बायकोला भेटायला गेले, तर तिनेच उठून मला चहा करून दिला.

पथक पुन्हा उडू लागलं, हेही शिडी धरत राहिले. पुढे शिकाऊ पायलटांना विमानं कमी पडू लागली म्हणून पथकच बंद झालं. विमानं शिकवणीला गेली, माणसं पांगली. हे पेन्शन घेऊन पेडण्याला आले आणि काजूच्या बागेत राबू लागले. सासूबाई म्हणायच्या, घाम गाळला की मनातलं निघून जाईल. त्या गेल्या, ते निघालं नाही.

काही वर्षांनी नवी विमानं घेऊन पथक परत उभं राहिलं. एकदा पणजीच्या किनाऱ्यावर त्यांच्या कसरती होणार होत्या. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिने हट्ट धरला. ह्यांनी आपणहून शर्टाला इस्त्री केली, तेव्हा मला फार आशा वाटली. म्हापशाला बस बदलून आम्ही गेलो. विमानं आली, तिरंगी धूर सोडून गेली, माणसं ओरडली, मुलगी रडली. हे मान वर करून बघत होते, पण ओठ हलत होते. मोजत होते.

विमानं दक्षिणेकडे डोंगराआड गेली. गर्दी रस्सा ओतलेल्या रस-ऑम्लेटच्या गाड्यांकडे वळली. हे वाळूत तसेच उभे.

"सगळी उतरली गो?"

"उतरली असतली. चला."

"तू बघलंस?"

मी बघितलं नव्हतं. तिथून दिसणारच नव्हतं. मुलीने मोबाइलवर शोधून पाहिलं, तिथे फक्त कसरतींचे फोटो होते. काळोख पडल्यावर आम्ही दोघींनी ह्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं.

आता आमच्याच तालुक्यात नवा विमानतळ झालाय. दिवसभर विमानं बागेवरून खाली येतात. प्रत्येकाला हे हातातला कोयता टाकून उभे राहतात, ते टेकडीआड गेलं तरी हलत नाहीत, तोवर दुसरं येतं. यंदा काजूची बोंडं झाडाखाली कुजली. म्हापशाच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, त्याने फक्त झोप वाढली.

मुलगी नोकरीला बंगळूरला असते. ती विमानाने आल्याचं एकदा तिच्या बॅगेवरच्या चिठ्ठीवरून ह्यांना कळलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून ती रेल्वेने यायची. मग रजा मिळत नाही म्हणू लागली. मी तिला दोष देत नाही.

गेल्या चतुर्थीला ती आलीच नाही. गणपतीवरची फळापानांची माटोळी शेजाऱ्यांनी बांधून दिली. आरतीची वेळ झाली, हे बाहेर अंगणात मान वर करून उभे होते. मी हाक मारायला गेले नाही. एकटीनेच घंटा वाजवली.