सोंग

चेकरबाई नोकरीतून निवृत्त झाल्या, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला होता. झोपेचं सोंग घेणारे, उगाच खिसे चाचपणारे, सगळे त्यांनी कोळून प्यायले होते. म्हणून नात ठकी अर्ध्या जिन्यात फतकल मारून "आजी, कडेवर घे ना" म्हणू लागली, तेव्हा त्यांना आधी शंका आली ती सोंगाचीच.

"मैदानात हुंदडताना बरे पाय चालतात गं?"

"आता नाही हुंदडत मी," ठकी म्हणाली.

बाईंनी ते कानाआड केलं. वेणी घालताना पोरगी हात वर धरेना, तर म्हणे लाडावलीय. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात रोवी, तर म्हणे म्हातारीची नक्कल करतेय.

बाईंच्या लेकीला, ठकीच्या आईला, मात्र चैन पडेना. गोदामातली पाळी सांभाळून ती ठकीला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी दूरच्या मोठ्या रुग्णालयातल्या, लहान मुलांचे स्नायू तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. पहिली तपासणी व्हिडिओ कॉलवर होणार होती.

"फोनवरून डॉक्टरकी? उद्या फोनवरून दाढ उपटतील!" बाई कडाडल्या. "समोर कोण बसलंय, कुणाला ठाऊक? पोरीचं चित्रीकरण करून कुठे फिरवलं म्हणजे?"

"आई, तू बस समोर. विचार काय विचारायचं ते."

बाई बसल्याच, अगदी ठाण मांडून. रुग्णालयाने सांगून ठेवल्याप्रमाणे लेकीने पलंग भिंतीला सरकवला, ठकीला अर्धी चड्डी घातली आणि सगळं अंग दिसेल असा फोन खुर्चीवर टेकवला. पडद्यावर चष्मेवाली बाई उमटली, तशा चेकरबाई पुढे झाल्या.

"ओळखपत्र दाखवा."

लेकीने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाईंनी मात्र गळ्यातलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. बाईंनी फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला.

"हे सगळं साठवून ठेवणार का तुम्ही?"

"नाही आजी. तुम्हाला विचारल्याशिवाय काहीच ठेवणार नाही."

'म्हणायला काय जातंय,' बाई मनात म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

ठकीने हात वर केले. ते थरथरत खाली आले. उताणं झोपून मान उचलायला सांगितली, ती जेमतेम उचलली.

"आता जमिनीवर बस आणि उठून दाखव. कुणी मदत करू नका हं."

ठकी ओणवी झाली. तिने हात आधी गुडघ्यांवर टेकले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावरून चढल्यासारखी ती उभी राहिली. घरात हे रोजचंच होतं. पण आज कुणी घाई करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. पोरगी ओठ दाबून उठत होती. सोंग करणारा माणूस समोरच्याकडे चोरून बघतो, हे चेकरबाईंना पक्कं ठाऊक होतं. ठकीने कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ठकीची बोटं कॅमेऱ्याजवळ धरायला लावली, मग पापण्या. "सांध्यांवर लाली वाटतेय, पण फोनवर रंगाची खात्री देता येत नाही. ताकदही हात लावूनच नीट कळेल. तिला इकडे घेऊन या, लवकर."

फोनवर निदान करायला दिलेल्या या नकाराने बाईंचा निम्मा संशय फिटला. थापाड्या माणसाने इथेच औषध खपवलं असतं.

रुग्णालयात रक्त तपासलं, आणखीही तपासण्या झाल्या. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच ठकीच्या स्नायूंवर आणि कातडीवर उलटली होती. उपचार लांबणारे होते, पण होते. गोळ्यांनी ठकीचा चेहरा फुगला, भूक खवळली. बाई प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचत आणि औषधवाल्याला उलटतपासणी करून भंडावून सोडत.

पुढच्या तपासण्या कधी तिकडे जाऊन होत, कधी फोनवर. अशाच एका कॉलवर ठकी कुठेही हात न टेकता उठली आणि खुशीत येऊन म्हणाली, "डॉक्टर, आधी ना आजी मला ढोंगी म्हणायची!"

लेक चपापली. फोन आज चेकरबाईंच्याच हातात होता.

"म्हणायचे खरी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "चुकलं माझं, पोरी."

ठकीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. ती उड्या मारून दाखवायला सरसावली होती.

"आजी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "फोन जरा खाली घ्या. तिचे पाय दिसत नाहीयेत."