सतरावी जागा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मालवणी घरातला असून नाही, हे आमच्या आईला आजवर पटलेलं नाही. पण त्या आठवड्यात अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये एकट्याने बसायला माझी टरकत होती, हे खरं.

तिथे एक जुनं कपाट आहे. त्यात चाळीस रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे बारीक स्विच. गिऱ्हाइकांची उपकरणं कपाटाच्या मागे जोडायची. रिले एकेकाला पाळीने मीटरसमोर आणतात. टिक्, टिक्, टिक्. सतराव्या जागेला मुद्दाम काहीच जोडायचं नाही. तिथे शून्य आलं म्हणजे मशीन खरं बोलतंय. ही शिस्त दादांची. दादा माझे सीनियर, वेसाव्याचे कोळी, तोंडाने फटकळ. मला सगळं त्यांनीच शिकवलं. पावसाळ्यात ते अचानक गेले.

दसरा झाला आणि सतराव्या जागेवर आकडा यायला लागला.

सकाळी मोठा. दुपारपर्यंत उतरत उतरत नाहीसा. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. अरे, जोडलेलं काही नाही, मग येतंय कुठून! रिले बदलला, तरी तेच. रिले बसवलेलं अख्खं कार्ड बदललं, तरी तेच.

"दादा ड्युटीवर येतात रे, जेवायच्या सुट्टीत जातात," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो, कारण माझ्याही मनात तेच होतं.

साहेब वैतागले. "वाट लागलीय त्याची. सोमवारी सापडलं नाही तर भंगारात काढू." दादांचं म्हणावं असं ऑफिसात तेवढंच उरलं होतं. माझा जीव तुटत होता.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचलो. रविवारभर एसी बंद, खोली दमट. मशीन चालू केलं. चौदा, पंधरा, सोळा... सतरावर आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. मानेवर काटा आला.

"दादा, बस करा ना आता," मी चक्क मोठ्याने बोललो. मग कपाट भिंतीपासून ओढलं, मागचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला.

सोळा आणि सतराच्या, वायरी जोडायच्या स्क्रूंवर मिळून हळदकुंकवाचं एक बोट ओढलेलं. ओलसर. त्यात एक अक्षत चिकटलेली.

मग आठवलं. खंडेनवमीला आम्ही मशीनं उघडून पुसतो, पूजा करतो. यंदा काकूंना, दादांच्या बायकोला, मुद्दाम बोलावलं होतं. "यांची जागा कुठली रे?" त्यांनी विचारलं. मी सतरावी दाखवली आणि पेढे वाटायला पळालो. त्यांच्या रिकाम्या कपाळाकडे बघवत नव्हतं. ते बोट रात्रीच्या दमटपणात ओलं व्हायचं आणि सोळाची वीज सतराकडे झिरपायची. दिवसा एसीत सुकलं की थांबायची. एवढंच.

स्पिरिटचा कापूस घेतला, पण हात पुढे जाईना. बाहेर साहेबांचा आवाज आला. पुसलं. टिक्. शून्य. इतकं वाईट शून्य मी कधी पाहिलं नव्हतं.

भंगाराचं काकूंच्या कानावर गेलं होतं, म्हणून लगेच फोन केला. "काकू, वाचलं मशीन. झकास चालतंय."

त्या म्हणाल्या, "मी लावलेलं कुंकू आहे ना रे त्यावर?"

"आहे ना, काकू," मी म्हणालो. लाल झालेला कापूस माझ्या मुठीतच होता.