उजव्या बाजूची मेडलं

आमच्या घरात सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायची पद्धत एकच होती. त्यात चुका किती सापडल्या ते बघायचं. आमचे हे सैन्यात होते आणि निवृत्तीआधीची बरीच वर्षं त्यांनी ट्रेनिंग सेंटरमध्ये नव्या पोरांना परेड शिकवण्यात घालवली. तिथं अशा शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या बुटाची नाडी चुकीची बांधलेली असली तरी ह्यांना दिसायची, असं त्यांचे सोबती अजून सांगतात. मी त्यांना मैदानावर कधी पाहिलं नाही, फक्त टीव्हीसमोर पाहिलं, पण सोबत्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, त्यामुळं दुसऱ्याच्या चुका काढायची खोड मलाही आहे. पलूसच्या आमच्या घरात दुपारची जेवणं उरकली की असे आम्ही दोन तपासनीस टीव्हीसमोर बसतो. मुलगी पुण्यात असते. तिनं तिच्या मोबाईलवरून काहीतरी करून आमच्या टीव्हीवर सिनेमा-मालिकांची सगळी दुकानं उघडून दिली आहेत, त्यामुळं बघायला काही कमी नाही. पण हे लिहायला बसले त्याचं कारण सिनेमा नव्हे. ह्यांची नजर जात होती, ते माझ्यापासून लपवत होते, आणि मला ते कळलं एका भिकार सिनेमामुळं.

त्याआधी आम्ही काय काय बघत होतो तेही सांगते. मराठी मालिका मी बघते, पण आदर नाही. मालिकेतल्या स्वयंपाकघरात एकाही डब्याला तेलाचा हात लागलेला नसतो. गावाकडची मालिका असेल तर माणसं दर वाक्यात ‘लय’ म्हणतात, जसं काही त्यावाचून आम्हाला बोलताच येत नाही. मध्ये एकीत नायक उसाच्या लागणीची काळजी करत होता आणि त्याच्या मागं तोडणीला आलेला ऊस तुऱ्यांसकट उभा होता. मी हसले. हे म्हणाले, “शूटिंगवाल्यांना ऊस म्हंजी गवतच.” गुन्ह्यांच्या वेबसिरीज मला आवडतात, फक्त त्यातला पोलीस भिंतीवर फोटो लावून त्यांना लाल दोरा बांधत बसतो ते पटत नाही. आमच्याकडच्या ठाण्यात दोरा फायली बांधायलाच पुरत नाही. दक्षिणेकडचे मारामारीचे सिनेमे मात्र मी उघडपणे आवडीनं बघते. एका लाथेत दहाजण उडतात, आणि ते खरं आहे असा आव कुणी आणत नाही.

ह्यांचं आवडतं खातं म्हणजे सैनिकांचे सिनेमे. आवडतं म्हणजे शिव्या घालायला आवडतं. नायकाचे केस कानावर आलेले, टोपी डोक्यावर भाकरीसारखी ठेवलेली, सॅल्यूट करताना कोपर खाली. हे खुर्चीतून उठून पडद्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “ह्याचा टर्नआउट बघ! ह्याला मी मैदानाला धा चकरा मारायला लावल्या असत्या.” टर्नआउट म्हणजे वर्दी नीटनेटकी असणं. हा एक शब्द मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकवला गेला, कारण माझ्या साडीलाही तो लागू होता.

त्या दिवशीच्या सिनेमात एक मोठा अधिकारी भाषण करत होता. त्याच्या छातीवर मेडलं होती, आणि ती उजव्या बाजूला होती. हे मलासुद्धा माहीत होतं, की स्वतःची मेडलं डावीकडं लावतात. उजवीकडं लावतात ती गेलेल्या माणसाची, त्याच्या घरच्यांनी. हे म्हणजे आंधळ्यालाही टोचावं असं होतं. मी रिमोट खाली ठेवून वाट बघत बसले. पाच मिनिटं गेली, भाषण संपलं, टाळ्या झाल्या.

“गाणी बरी हायत,” हे म्हणाले.

“मेडलं पाहिली का त्याची?”

“पाहिली की. लय हायत.”

मी उठून टीव्हीसमोर उभी राहिले आणि त्यांच्याच चष्म्याचं घर हातात धरलं. “माझ्या हातात काय हाय, सांगा.”

त्यांनी मान पुढं काढून डोळे बारीक केले. मग म्हणाले, “रिमोट.”

गेल्या काही महिन्यांतल्या सगळ्या गोष्टी तेव्हा मला एकामागून एक आठवल्या. पेपर वाचायचा बंद केला होता, टीव्हीवर बातम्या ऐकतो म्हणाले होते. खुर्ची पुढं ओढून घेतली होती. सांगलीला जायचं तर एसटीनं जाऊ म्हणायचे, मला वाटलं वय झालं. पण बाजारला मात्र गाडीवरून नेत होते, तीन दिवसांपूर्वीच मी पिशव्या घेऊन मागं बसले होते.

“कवापासनं?” मी विचारलं.

“दिवाळीपासनं. तू गाडी काढून घेतली असतीस.”

“मग? काढून घ्यायला नको व्हती?”

“रस्ता पाठ हाय मला,” ते म्हणाले, आणि हे त्यांना पुरेसं उत्तर वाटत होतं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलले. भीती दुसऱ्या दिवशी वाटली, भाजी निवडताना.

सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. ह्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवली. बाईंनी कौतुकानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “तक्ता बदला.” आमच्या आधीच्या पेशंटनं मोठ्यानं वाचलेली अक्षरं बाहेरच्या बाकावर बसून ह्यांनी पाठ केली होती. बाईंनी तक्ता बदलला आणि हे ताठ मानेनं गप्प बसले. काचबिंदू निघाला. एका डोळ्याचं जवळजवळ संपलं होतं, दुसऱ्यात धुकं होतं. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची, असं बाईंनी सांगितलं. घरी आल्यावर गाडीची किल्ली त्यांनी स्वतःच खिशातून काढून माझ्या हातात दिली.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. टीव्ही लावला की “बंद कर ते” म्हणायचे. अंधार पडायच्या आधीच अंथरुणावर पडायचे. सोबती बोलवायला आले तर बरं नाही म्हणून सांगायला लावायचे. चूक दिसत नाही तर उस्तादाचं बाकी काय राहिलं, असं ते एकदा म्हणाले, आणि ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. मला रडू आलं, ते त्यांना दिसलं नाही.

मग मी हट्टानं टीव्ही लावला आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायला लागले. “आता तो तिच्याकडं बघतोय. आता आई दारात आली.”

“ष्टोरी कळतीया मला ऐकून,” हे वैतागून म्हणाले. “टर्नआउट सांग.”

अशी माझी भरती झाली. बेल्टचं बक्कल मध्यावर आहे का, टोपी किती कलली आहे, सॅल्यूटला कोपर कुठपर्यंत, मुठीत अंगठा कसा. पहिले काही दिवस मी रोज नापास होत होते. “नीट बघ! डोळ्यांत तेल घालून बघ!” असं ओरडणं मी मुलांवर तीस वर्षं केलं, माझ्यावर ते पहिल्यांदाच झालं. पण मी शिकले. आता नायक दिसला की आधी त्याचे बूट दिसतात, चेहरा नंतर. प्रेमाच्या दृश्यात मी एकदा आपणहून म्हणाले की नायकाचा डावा खिसा उघडा आहे, तेव्हा ह्यांनी मान डोलवली. एवढी शाबासकी मला संसारात कधी मिळाली नव्हती.

परवाच्या रविवारी दुपारी एक नवा सिनेमा लावला. तो चांगला निघाला, आणि तीच अडचण झाली. बनवणाऱ्यांनी कुणातरी उस्तादाला विचारलेलं दिसत होतं. केस बारीक, टोप्या नीट, पावलं एकत्र पडत होती. दर थोड्या वेळानं हे विचारायचे, “काय दिसतंय का?” आणि मी खरं ते सांगायचे, “न्हाई. बरोबर हाय.” दीड तास असं चाललं. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, विचारणं थांबलं, आणि त्यांनी खुर्चीतच पाय वर घेऊन भिंतीकडं तोंड वळवलं. त्या वाईट आठवड्यांत अंथरुणावर ते असेच भिंतीकडं तोंड करून असायचे.

“अगंबाई,” मी म्हणाले, “मेडलं उजवीकडं लावल्यात ह्यानं.”

हे वळून सरळ बसले. “काय सांगतीस? सोताची?”

“सोताचीच. आख्खी ओळ.”

मग जे सुरू झालं ते चहा होईपर्यंत थांबलं नाही. दिग्दर्शक झाला, नट झाला, वर्दी शिवणारा शिंपी झाला, आणि एवढ्या माणसांत एकालाही विचारायची अक्कल नव्हती म्हणून सगळ्यांना मिळून मैदानाच्या चकरा झाल्या. हे खुर्चीच्या कडेवर आले होते, पाठ ताठ, एक हात पडद्याच्या दिशेनं.

पडद्यावर तो अधिकारी परेडसमोर उभा होता. त्याची मेडलं डाव्या बाजूलाच होती, एका सरळ ओळीत. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि ह्यांचं ऐकत बसले.