तिच्या वतीने लिहिलेली वही

आमच्या पुंडलिकनगरातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर माझ्याविषयी एक हकिकत रूढ झाली आहे आणि ती साफ चुकीची आहे. हकिकत अशी की, पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली तरी हे गृहस्थ खचले नाहीत. दोघे नवरा-बायको रोज संध्याकाळी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहितात आणि देवाचे आभार मानतात. कट्ट्याच्या अध्यक्षांनी हे भर सभेत सांगितले, टाळ्याही झाल्या. मी उठून "हे खरे नाही" म्हणालो, तर लोकांना तो माझा विनय वाटला. विनय माझ्यात कधीच नव्हता, हे त्यांतल्या निम्म्यांना तरी ठाऊक असायला हवे होते.

माझी सारी नोकरी जमीन मोजणीत गेली. दोन शेतकरी दोन हद्दी सांगत. मी साखळी टाकून तिसरीच दाखवत असे आणि बहुधा तीच टिकत असे. तेव्हा या प्रकरणाची मोजणीही मीच करणे योग्य.

वही पुण्याच्या मुलीने आणली. म्हणाली, "बाबा, रोज तीन गोष्टी लिहायच्या. अगदी साध्या. चहा छान झाला, ऊन कोवळं होतं, असल्या. तुमच्या तीन, आईच्या तीन."

"तुझ्या आईला बोलता येत नाही."

"मग तुम्ही लिहा तिच्या वतीनं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तरी कळलं असेल ना तुम्हाला?"

तिने ते सहज म्हटले. मला मात्र ते आव्हान वाटले आणि आव्हान नाकारणे मला जमत नाही.

मी लिहू लागलो. तिच्या रकान्यात: वरणभात मऊ होता. नातवाचा फोन आला. बिनसाखरेचा चहा वेळेवर मिळाला. लिहून झाले की मोठ्याने वाचायचो आणि तिच्याकडे पाहायचो. आजारपणापासून तिचा ओठ डावीकडे ओढला गेला आहे. लांबून पाहणाऱ्याला ती हसते आहे असेच वाटते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वहिनी किती समाधानी दिसतात!" ते समाधान नव्हे, शाबूत राहिलेल्या बाजूचे स्नायू ओढतात, इतकेच. तिच्या मान हलवण्याचाही भरवसा धरू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. हे मी प्रत्येकाला समजावून सांगितले आहे. आणि तरीही, कबूल करतो, रोज संध्याकाळी त्याच ओढलेल्या ओठाला मी माझ्या लिखाणाखालची तिची सही मानत आलो.

समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. दुपारी येऊन त्या हिची वेणी घालतात. एके दिवशी त्यांनी उशाशी पडलेली वही उघडली आणि त्या हसू लागल्या.

"काका, हे काकूनं सांगितलं व्हय?"

"तिच्या वतीनं मी लिहिलं आहे."

"बिनसाखरेचा चहा! तुमी बाहेर पडले की काकू माझ्याकडं यायच्या. दोन चमचे साखर घालून प्यायच्या. लई वर्षं."

"अशक्य. मी साखर सोडली त्याच दिवशी तिनंही सोडली."

"तुमच्यासमोर सोडली."

मी चिडलो. "मग तुम्हीच सांगा, तिला आवडायचं तरी काय?"

कंगवा न थांबवता त्या म्हणाल्या, "नळाचा दिवस. हौद भरला तरी काकू लगेच नळ बंद नाय करायच्या. पाइप ओट्यावर सोडायच्या अन् पाण्यात अनवाणी उभ्या राहायच्या. तुमी आतून वरडेपर्यंत."

मी ओरडत असे, एवढे खरे. आमच्याकडे नळाला पाणी येते ते मधले कितीतरी दिवस सोडून. त्या दिवशी ओट्यावरून पाणी वाहिलेले मला खपत नसे. तो तिचा हलगर्जीपणा, असे मी तिला चारचौघांतही सुनावले आहे. बाईंना म्हणालो, "खोटं आहे हे."

"बरं, खोटं तर खोटं," म्हणत त्यांनी वेणीला रबर लावले.

पुढच्या नळाच्या दिवशी मी हिला चाकांच्या खुर्चीत बसवून एकट्याने ओट्यावर आणले. त्यातच अर्धा तास गेला. हौद भरला. मी नळ बंद केला नाही. पाइप तिच्या पायांशी सोडला. उजव्या पायाला काही कळत नाही, हे मला माहीत होते. डावी बोटे हलली; किंवा पाण्याने ती हलवली. गुडघे वाकतील तेवढा वाकून मी तिचा चेहरा पाहिला. ओठ रोजच्यासारखाच. डोळ्यांतून पाणी आले. ते तर आजारपणापासून येतच असते.

बाई दारातून ओरडल्या, "बघा, हसल्या!"

"ते हसणं नाही."

"मंग काय हाय?"

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी हाक दिली, "ओ काका, पाणी वाया चाललंय की!"

"चालू द्या," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी दोन चमचे साखर घालून तिला चहा पाजला. अर्धा पोटात गेला, अर्धा उजव्या कोपऱ्यातून ओघळला. आवडला का, म्हणून विचारले. मग तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारले. नंतर वही घेऊन बसलो आणि तिच्या रकान्यातल्या, आजवर लिहिलेल्या एकेका ओळीसमोर 'माझे' असा शब्द घातला. संपायला चार दिवस लागले.

कट्ट्याने आपली हकिकत एवढी दुरुस्त करून घ्यावी. आता रोज दुपारी, वेणी चालू असताना, मी समोरच्या बाईंना विचारतो, "आणखी काय आवडायचं हिला?" त्या आठवून आठवून सांगतात. काल म्हणाल्या, "आता नाय काका आठवत काही. तवाच इच्चारायचं व्हतं काकूला."