दाराआडून हसणारे

वडील पुण्याहून नेदरलँड्समधल्या कापेलला आमच्याकडे आले की पहिला आठवडा कौतुकात जातो, दुसऱ्या आठवड्यात ते इथल्या कोथिंबिरीला नावं ठेवू लागतात. म्हणून एका रविवारी मी त्यांना मेट्रोत घालून रॉटरडॅमला जुन्या फ्लेमिश चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं.

देवदूतांची भलीमोठी चित्रं त्यांनी भराभर उरकली. एका छोट्या चित्रापाशी मात्र थबकले, फोनशी जरा खुडबुडले. गुत्त्यात एक टकला म्हातारा तिथल्या बाईचा हात धरून बसलाय, चेहऱ्यावर नुसता आनंद, आणि अर्धवट उघड्या दाराआडून दोघं तोंड दाबून हसताहेत. प्रेमात पडलेल्या म्हाताऱ्यांची फजिती हा त्या काळच्या चित्रकारांचा आवडता विषय, असं शेजारच्या पाटीवर होतं. मी ते वाचून दाखवलं.

"म्हातारचळ!" म्हणत बाबा हसले. ते हास्यक्लबातलं हसणं होतं. रोज सकाळी बागेत सगळे हात वर करून हसतात तसं, ठरवून, मोठ्यानं. रखवालदार वळून बघू लागला. मला भयंकर राग आला. चारचौघांत काय हे!

मग चित्रावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुलाही हसू येतं का गं, असल्या म्हाताऱ्याचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आल्यापासून ते दिसेल त्याचे फोटो काढून कुणाला तरी पाठवत होते. हास्यक्लबातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, एवढंच एकदा ओझरतं बोलले होते. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी ती आठवलीच. पण हा माणूस माझ्या एका शब्दासाठी इतक्या लांब आलाय, त्याला ताटकळत ठेवणं मला जमेना.

"असं फुकट नाही सांगणार," मी म्हणाले. "आधी नाव घ्या. उखाण्यात."

"इथे?"

"इथेच."

बाबा लालबुंद झाले. रखवालदाराकडे चोरून बघत घसा खाकरला आणि हळूच म्हणाले,

"हसणारे हसोत उभे राहून दाराआड,
डॉक्टरांनी साखर तोडली तरी..." इथे त्यांनी नाव घेतलं, "...पुरवते माझे लाड!"

मी खळखळून हसले. बाबाही हसले, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. आई गेल्यापासून त्यांचं हे खरं हसणं मी पाहिलंच नव्हतं.

"या चित्राचा फोटो पाठवा त्यांना," मी म्हणाले.

"मघाशीच पाठवला," बाबा म्हणाले. "ती म्हणाली, आधी मुलीला विचारा, मग हसा."