डिमेलोबाईंचा रिपोर्ट आणि कांबळेमॅडम

कांबळेमॅडम कोड मोठ्याने वाचायच्या. घाटकोपरच्या ऑफिसात मी नवा होतो तेव्हा वाटलं, बाई पाढे म्हणताहेत की काय! "बाहेरचं उघडलं, आतलं उघडलं, आतलं मिटलं... बाहेरचं कोण मिटणार रे, शेजारी?" सर्व्हरवरच्या कोडमधून वेबपेज तयार करताना अवतरणचिन्हांच्या आत अवतरणचिन्हं येतात. एक चुकलं की पानाचा खेळ खलास. कुणाचं असं चुकलं की मॅडम म्हणत, "आत कोण बसलंय ते आधी बघ."

एकदा त्यांचंच चुकलं. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलला आम्ही रिपोर्ट पाहण्याची साइट करून दिली होती. सकाळीच तिथल्या काउंटरवरून फोन आला. बाकी सगळ्यांचे रिपोर्ट उघडत होते, डिमेलो नावाच्या बाईंचा तेवढा उघडत नव्हता. गाठ कॅन्सरची आहे की नाही, ते त्यात होतं. बाई काउंटरसमोरच बसून होत्या.

मॅडम कोड वाचता वाचता थांबल्या. इंग्रजीत डिमेलो लिहिताना डीच्या पुढे, वरच्या बाजूला एक स्वल्पविराम लटकतो. तो अवतरणचिन्हासारखाच दिसतो, म्हणून ब्राउझरला वाटलं, अवतरण इथेच संपलं. उरलेलं नाव बाहेर पडलं आणि रिपोर्टचं बटण बंद.

"नावातून ते चिन्ह उडवा ना," आमचे मॅनेजर प्रशांतसर म्हणाले. "कोण बघतंय?"

"विमावाले बघतात, सर, नाव जुळलं नाही तर पैसे अडवतात. आणि नाव बाईंचं आहे, कोड माझा. मी कोड बदलते." मग माझ्याकडे वळून, "टेस्टिंगला मी सगळे पाटील, शहा नि कांबळे घातले रे. डिमेलो एकही नाही. वाट लावली मी."

नावातली असली चिन्हं ब्राउझरला नुसती अक्षरं वाटतील, अशी सोय त्यांनी केली. सगळ्या पानांवर, सगळ्यांच्या नावांसाठी. थोड्या वेळाने काउंटरवरून निरोप आला, "उघडला, मॅडम!" आम्ही टाळ्या पिटल्या. मॅडमनी टाळी वाजवली नाही. आत काय लिहिलंय, हे विचारायचा आम्हाला हक्क नव्हता.

दुपारी डिमेलोबाईंनी स्वतः फोन केला. "कॉम्प्युटर कोणी नीट केला?"

"बिघडवलाही मीच होता," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला ताटकळत ठेवलं. माफ करा."

पलीकडचं हसणं आम्हालाही ऐकू आलं. "अगं, गाठ साधी निघाली! आज सगळ्यांना माफ."

फोन ठेवून मॅडम आम्हा सगळ्यांसमोर खुशाल रडल्या. कुणाला रडताना बघून मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.