सासूबाईंची उशी

अकोल्याच्या एसटी स्टँडावर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगायचं, ही देवमन तायडेची नोकरी. आवाज असा की माइक बंद असला तरी प्रवाशांचं काही अडत नसे. घरीसुद्धा भाजीत मीठ कमी आहे हे तो दर्यापूरची गाडी सुटत असल्यासारखं सांगायचा. बायको रूपाली अंगणवाडी सेविका. तिला या आवाजाचं काही वाटत नसे, कारण अंजनगाव सुर्जीला राहणारी तिची आई, पार्वताबाई, याहून मोठ्यानं बोलायची.

उन्हाळा सरता सरता पार्वताबाई वारली. भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. रूपालीचा भाऊ पुण्याला परत गेला आणि अंजनगावच्या घराला कुलूप लागलं. रूपाली अकोल्याला आली ती गप्पच होऊन. अंगणवाडीत जायची, स्वयंपाक करायची, पण बोलायची नाही. आपल्याला कमी ऐकू यायला लागलं की काय, अशी देवमनला शंका आली.

त्यानं मोबाइलमध्ये उपाय शोधला. तिथं एक बाई सांगत होती, "जोडीदार दुःखात असेल तर मृदू बोला. विचारपूर्वक भेट द्या." बाईच्या मागे कुंडीत एक झाड होतं. तेही नुकतंच दुःखातून सावरल्यासारखं दिसत होतं.

मृदू बोलायला खर्च नव्हता, म्हणून देवमननं तिथून सुरुवात केली. वऱ्हाडीत मृदू कसं बोलतात हे त्याला माहीत नव्हतं. मग त्यानं टीव्हीवरच्या बातम्यांची मराठी उसनी घेतली.

"रूपाली, तुझ्या मनात काय चाललं आहे?"

रूपाली कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं. "तुमाले ताप आला काय?"

राहिली भेट. स्टँडावर गोवर्धन कंडक्टरनं सल्ला दिला, "पैठणी दे, देवमन. बाई कोणत्याबी दुःखातून पैठणीनं बाहेर येते." गोवर्धनची बायको कधीची माहेरी जाऊन बसली होती, पैठणी घेऊन. देवमननं मान डोलावली आणि गिफ्टचं दुकान गाठलं.

"बड्डे का ॲनिव्हर्सरी?" दुकानदारानं विचारलं.

"सासू वारली. बायकोले द्याचं आहे काही."

दुकानदार डगमगला नाही. "त्यातबी व्हरायटी आहे, भाऊ." त्यानं एक कप काढला. गरम चहा ओतला की कपावर गेलेल्या माणसाचा चेहरा उमटायचा. रोज सकाळी चहातून सासू प्रकट होणार हे देवमनला झेपण्यासारखं नव्हतं. त्यानं फोटोवाली उशी पसंत केली.

फोटो एकच होता. पार्वताबाई ओट्यावर उभी, कपाळावर गोंदण, डोक्यावर पदर, आणि कोणावर तरी ओरडत असलेली.

"तोंड बंद करा लागन," दुकानदार म्हणाला.

"होते काय बंद?" देवमननं आशेनं विचारलं. सासूच्या हयातीत ते कोणाला जमलं नव्हतं.

कॉम्प्युटरनं जमवलं. तोंड मिटलं, गोंदण पुसलं, रंग उजळला, ओठांवर हसू आलं. खाली गुलाबी अक्षरात "मिस यू आई".

रूपालीनं उशी हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"हे कोण होय?"

"आई."

"कोणाची?"

उशी ठेवायची कुठं हाही प्रश्नच होता. डोक्याखाली घेतली तर आईच्या तोंडावर झोपायचं, पायाशी ठेवली तर पाप, सोफ्यावर ठेवली तर पाहुणा बसायचा. तेवढ्यात शेजारीण आली आणि म्हणाली, "बाप्पा, किती शांत दिसते तुमची माय!"

ती गेल्यावर देवमननं पुन्हा बातम्यांचा आवाज काढला, "तुला आवडली नाही का?"

रूपालीचा बांध फुटला. "माही माय कधी शांत नोती! तुमी तिचं तोंड शिवून आणलं. जो तो माह्या कानात साखर ओतून राहिला. आता तुमीबी असे गुळगुळीत बोलून राहिले. मंग मी भांडू तरी कोणासंग?"

"मंग तुले पायजे तरी काय?" देवमन ओरडला. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी खिडकी उघडून पाहिलं.

"मले मायच्या घरी घेऊन चाला."

रविवारी दोघं अकोटला गाडी बदलून अंजनगावला पोचले. रूपालीनं कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच उभी राहिली. आत जाईना. तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून आवाज आला, "कौन है रे? कुलूप कोन खोललं?"

ही आयशाबी. दोन घरांमधल्या नालीवरून तिचं आणि पार्वताबाईचं जन्मभराचं भांडण. रूपालीला पाहून ती बाहेर आली. जवळ घेतलं नाही, की डोक्यावरून हात फिरवला नाही.

"तुही माय तं सुटली. नाली तशीच तुंबलेली टाकून गेली. अब मैं किसको बोलूँ?"

"नाली तुमच्याच कचऱ्यानं तुंबते, चाची," रूपाली ताडकन म्हणाली.

"हौ? तेरी माँ भी यही बोलती थी," आयशाबी म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

मग दोघी ओट्यावर बसल्या आणि पार्वताबाईच्या नावानं बोटं मोडू लागल्या. ती कशी मुद्दाम पाणी सोडायची. आयशाबीच्या पोरीच्या बाळंतपणात दवाखान्यात कशी ठाण मांडून बसली, आणि परत आल्यावर पायही न धुता भांडण राहिलं होतं तिथून पुढं कसं सुरू केलं. रूपाली हसली, मग रडली, मोठ्यानं, पदर तोंडाशी न धरता.

आपणही काहीतरी केलं पाहिजे असं देवमनला वाटलं. त्यानं हळूच विचारलं, "चहा आणू का?"

"चाय बाद में, जवाईबापू," आयशाबी म्हणाली. "अगोदर फावडं घ्या."

देवमन नाली उपसू लागला. तो चुकीच्या बाजूनं गाळ टाकतो यावर दोघींचं लगेच एकमत झालं. गाळातून एक स्टीलचा चमचा निघाला. रूपाली म्हणाली, मायचा आहे. आयशाबी म्हणाली, मेरे जहेज का है. ते प्रकरण शेवटच्या गाडीपर्यंत चाललं आणि अजून मिटलेलं नाही. येत्या रविवारी रूपाली पुन्हा जाणार आहे.